दारातली रेघ

रांगोळी चिमटीत धरतात, मुठीत नाही. अंगठा आणि तर्जनी, मधल्या बोटाचा नुसता टेकू, आणि मग अंगठा हलकेच मागेपुढे सरकवत राहायचं. सहा वर्षांची असताना आईने मला हे शिकवलं. मी चिमूट गच्च दाबून धरायचे आणि जमिनीवर रांगोळीचे ढिगारे पडायचे. आई म्हणायची, "अगं, सैल सोड. ती आपोआप पडते."

पुढची पन्नास वर्षं ती आपोआप पडत राहिली. लग्न होऊन बडोद्याला दांडिया बाजारातल्या वाड्यात आले, तिथल्या चौकात पडली. शाळेत चित्रकला शिकवत होते, तिथे स्नेहसंमेलनात पडली. गणपतीत गल्लीच्या मंडपापुढे तर पहाटेपर्यंत पडायची. बडोद्याच्या मराठी घरांमध्ये हे वेड जुनंच आहे. आमच्या गुजराती शेजारणीसुद्धा धनतेरसेला ठिपक्यांचा कागद मागायला यायच्या आणि जाताना फराळाची चव घेऊन जायच्या.

आठ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी टीव्हीसमोर बसले होते. उजवा हात मांडीवर स्वस्थ पडलेला. सून चहा घेऊन आली आणि हसत म्हणाली, "आई, कसली रांगोळी काढताय?" मी खाली पाहिलं. अंगठा तर्जनीवर मागेपुढे सरकत होता. एका लयीत, न थकता. चिमटीत काहीच नव्हतं.

आम्ही दोघी हसलो. मी हात उचलून कप घेतला आणि थरथर थांबली. म्हणून दोघींनीही तो विषय सोडून दिला.

आता मला माहीत आहे की तो हात थांबला, हीच त्यातली खूण होती. मला झालेल्या पार्किन्सन या मेंदूच्या आजारातली थरथर बहुतेकदा हात विसावलेला असताना दिसते. काही करायला उचलला की ती कमी होते. वैद्यकाच्या पुस्तकांत या हालचालीला 'गोळ्या वळणं' म्हणतात, कारण जुन्या काळी औषधं बनवणारे अंगठा आणि तर्जनीत अशाच गोळ्या वळत. ते वर्णन करणारा पहिला माणूस आपल्याकडचा असता, तर त्याने नक्की रांगोळी म्हटलं असतं.

खरं तर आजार हातात यायच्या कितीतरी आधी नाकात येऊन बसला होता. फोडणीत हिंगाचा वास येईना म्हणून मी तीन डब्या बदलल्या आणि वाण्याला भेसळीवरून दोन शब्द ऐकवले. खंडेराव मार्केटातून आणलेल्या मोगऱ्यालाही वास नव्हता. त्यावर माझा सिद्धांत असा होता की हल्ली फवारण्या फार मारतात. बिचारा वाणी. रात्री झोपेत मी ओरडायचे, हातपाय झाडायचे. एकदा ह्यांच्या बरगडीत अशी लाथ बसली की हे उशी घेऊन दिवाणखान्यात गेले ते महिनाभर परतले नाहीत. स्वप्नात आपण धावतो, पण अंग धावत नाही, कारण त्या वेळी मेंदू स्नायूंना कुलूप घालून ठेवतो. माझं कुलूप सैल झालं होतं. वास जाणं, झोपेतली ही मारामारी, बद्धकोष्ठ, या गोष्टी थरथरीच्या कितीतरी वर्षं आधीही येऊ शकतात, हे मला पुढे कळलं. तोवर त्या वेगवेगळ्या कुरबुरी होत्या. आणि चाळिशी-पन्नाशीतल्या बाईच्या कुरबुरी कोण एकत्र मांडतं? ती स्वतःसुद्धा मांडत नाही.

मग उजवा खांदा आखडला. वर्षभर शेक, मलम, दोरी-कप्पीचा व्यायाम. हाडांच्या डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर म्हटलं आणि मला ते पटलं, कारण फळ्यावर हात वर करून आयुष्य गेलेलं. त्यांच्यावर माझा राग नाही. हा आजार पुष्कळांच्या बाबतीत खांद्याचं सोंग घेऊन येतो.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं होतं, ढीगभर तपासण्या होतील आणि एखादा कागद येईल ज्यावर लिहिलेलं असेल, आहे किंवा नाही. एमआरआय झाला, पण तो दुसरं काही नाही ना, हे बघण्यापुरता. बाकी डॉक्टर नुसते बघत होते. अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला लावली. खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं. कागदावर स्वतःचं नाव पाच ओळी लिहायला सांगितलं. पहिल्या ओळीतली अक्षरं वाटाण्याएवढी होती आणि पाचव्या ओळीतली मोहरीएवढी. सुलेखनाचे तास घेतलेली बाई मी. त्या कागदाकडे बघून मला आजारापेक्षा लाजच जास्त वाटली. मग म्हणाले, या व्हरांड्यातून चालत जा आणि परत या. मी गेले, आले. डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "यांचा उजवा हात चालताना हलत नाही, लक्षात आलं होतं?"

हे निवृत्त ड्राफ्ट्समन. आयुष्यभर मिलिमीटरची चूक पकडण्याचा पगार घेतला. कारखान्याच्या आराखड्यातला एक बोल्ट चुकला तर ह्यांना झोप लागत नसे. रिक्षात बसल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाले, "पस्तीस वर्षं तुझ्या शेजारून चालतोय मी."

मला त्यावर काय बोलावं सुचलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही नेहमी डाव्या बाजूला असता."

घरी आल्यावर ह्यांनी वाचायचा सपाटा लावला. जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या डॉक्टरने 1817 साली या आजारावर छोटासा निबंध लिहिला. त्यात सहा माणसांचं वर्णन आहे, आणि त्यातली काही माणसं त्याला चक्क रस्त्यात भेटलेली होती. एकाला तर त्याने फक्त लांबून पाहिलं होतं. त्याच्याकडे ना यंत्र होतं, ना तपासणी. माणसं कशी वाकून चालतात, चालता चालता कशी पळत सुटल्यासारखी होतात, हे बघून त्याने लिहिलं. आजाराला त्याचं नाव पुढे फ्रान्सच्या शार्को नावाच्या डॉक्टरने दिलं. आपल्याकडे कंपवात म्हणतात. शब्द छान आहे पण अर्धाच खरा, कारण काहींना कंप नसतोच. मला स्वतःला कंपाचा त्रास सगळ्यांत कमी आहे. लोक मात्र हाताकडेच बघतात.

त्या पार्किन्सनचा वाढदिवस 11 एप्रिल. तो दिवस जगभर या आजाराचा दिवस म्हणून पाळतात आणि खूण म्हणून लाल ट्युलिप वापरतात; नेदरलँड्समधल्या एका बागाईतदाराला हा आजार होता, त्याने आपण तयार केलेल्या फुलाला डॉक्टरांचं नाव दिलं. एका वर्षी मी हौसेने दाराबाहेर ट्युलिप काढलं. समोरच्या बेन थांबून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सरस छे. कमळ छे ने?" बडोद्याच्या एप्रिलच्या उन्हात ट्युलिपचं कमळच होणार.

आजाराचं कूळ मेंदूत खोलवर आहे. तिथे काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो, त्या डोपामीन नावाचं रसायन तयार करतात. त्या पेशी हळूहळू मरत जातात. का, याचं एक उत्तर अजून कोणाकडे नाही. ह्यांनी वहीत मेंदूचा उभा छेद काढून मला समजावलं (छेद उत्तम होता, मोजमापासकट). डोपामीन कमी पडलं की नेमकं काय बिघडतं, तर आपोआपपणा. चालताना हात हलणं, पापण्या लवणं, थुंकी गिळणं, कुशीवर वळणं, कोणी विनोद केला की चेहरा हलणं. या गोष्टी आपण करत नाही, त्या होत असतात. माझ्या होत नाहीत. मला त्या कराव्या लागतात.

आईचा तो शब्द मला तेव्हा आठवला. सैल सोड, आपोआप पडते. आता सैल सोडलं की काहीच पडत नाही.

पहिलं वर्ष वाईट गेलं. ते नीट सांगायला हवं, कारण अशा लेखांमध्ये ते दोन ओळींत उरकलेलं असतं आणि तिसऱ्या ओळीत बाई योगासनं करायला लागते. मी नाही लागले. मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. रडू येत नव्हतं. काही करावंसंच वाटत नव्हतं. दिवाळीत रांगोळीचा डबा काढलाच नाही. नणंद भेटायला आली आणि तासाभराने रागावून गेली. नंतर कळलं, "वहिनीने तोंडावरची रेघ हलवली नाही" असं ती म्हणत होती. चेहऱ्याचे स्नायू आखडलेले होते, हे तिला माहीत नव्हतं आणि मला सांगायची ताकद नव्हती. मी मनातून हसत होते हो तिच्या गोष्टीला. ते हसू बाहेर पोहोचत नव्हतं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी हाताआधी मनाची चौकशी केली. उदासी हा या आजाराचाच एक भाग असतो, आजार झाल्याचं दुःख वेगळं आणि ही वेगळी, तिच्यावर उपचार करायचे असतात, असं त्यांनी सांगितलं. मला इतकं हलकं वाटलं! तोवर मला वाटत होतं की मी कच्च्या मनाची आहे. येणारा-जाणारा "पॉझिटिव्ह राहा" म्हणायचा आणि मला ते गृहपाठ न केलेल्या मुलीसारखं लागायचं. एक गोळी वाढली, काही आठवड्यांत भिंतीकडचं तोंड खोलीकडे वळलं. यात माझं कर्तृत्व शून्य.

बडोद्यात एक शब्द आहे, मजामां. "केम छो?" "मजामां." घरात पाणी शिरलं असलं तरी मजामां. मला त्या शब्दाचं कौतुकही आहे. या गावाने आम्हाला सात-आठ पिढ्या सांभाळलं ते या शब्दाच्या गोडव्यावर. पण आजारी माणसाने तो उठताबसता वापरला की त्याचं दार होतं, आतून कडी लावलेलं. मी एक दिवस समोरच्या बेनना म्हटलं, "आजे पग भारे छे." आज पाय जड आहेत. त्या क्षणभर गोंधळल्या. उत्तर असं यायची सवय नव्हती. मग म्हणाल्या, "तो बेसो ने," आणि लिफ्टपाशी स्वतःच्या घरातली प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. ती खुर्ची अजून तिथेच आहे. आता तिच्यावर वॉचमन बसतो, तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा बसतात, कुरिअरवाला पार्सलं ठेवतो.

औषधाबद्दल. लेव्होडोपा हे मुख्य औषध, आणि साठच्या दशकापासून त्याला तोड नाही. डोपामीन थेट गोळीतून देता येत नाही, ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतं आणि आत जाऊन त्याचं डोपामीन होतं. वाटेत त्याचा नाश होऊ नये म्हणून सोबत कार्बिडोपा देतात. आणि इथे स्वयंपाकघराचा संबंध येतो. आतड्यातून आणि पुढे मेंदूत हे औषध ज्या दारातून जातं, त्याच दारातून आपण खाल्लेल्या प्रथिनांचे घटकही जातात. पनीर, डाळ, दूध यांची गर्दी झाली की माझी गोळी बाहेर रांगेत उभी. हे मला एका लग्नात कळलं. पंगतीत दोन वाट्या बासुंदी चेपली, लगेच गोळी घेतली, आणि अहेराच्या वेळी स्टेजच्या पायरीपाशी माझा पुतळा झाला. आता गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास. सात, अकरा, तीन, सात. बासुंदी बंद केलेली नाही. तिची वेळ बदलली आहे.

गोळी चढली की तासा-दोन तासांचा चांगला काळ, त्याला आम्ही 'लाइट आली' म्हणतो. उतरली की लाइट गेली. डॉक्टरी भाषेत ऑन-ऑफ. दिवसाची आखणी पंचांगासारखी त्यावर: बँक, आंघोळ, फोन, भांडण, सगळं लाइट असताना. बँकेत एकदा माझी सही जुळेना म्हणून चेक परत आला होता. तिथल्या मुलाने मला तीनदा सही करायला लावली आणि प्रत्येक सही आधीच्यापेक्षा बारीक होत गेली. लाइट गेलेली होती. दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला गेले आणि एका फटक्यात केली.

कोणीतरी कौंच्याचं चूर्ण आणून दिलं. आपली खाजकुयली. यात थोतांड नाही बरं का. तिच्या बियांमध्ये खरोखरच लेव्होडोपा असतं, आणि 1937 मध्ये भारतीय संशोधकांनी ते वेगळं काढून दाखवलं होतं. पण डबीतल्या एका चमच्यात किती, हे डबीला माहीत नाही. गोळ्या चालू असताना वर आणखी किती पडतंय, याचा हिशेब कोण ठेवणार? मी ते डॉक्टरांना दाखवलं आणि मग कपाटात ठेवलं. आणणाऱ्याला मात्र सांगितलं, खूप फरक आहे. इतकं मजामां चालतं.

2024 च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला आणि कारेलीबागेत आमच्या इमारतीच्या तळमजल्यात पाणी भरलं. मगरी रस्त्यावर आल्या म्हणून सगळ्या देशाने बडोद्याच्या बातम्या पाहिल्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर सुरक्षित होतो, वीज नव्हती, आणि माझ्या पाकिटात नऊ गोळ्या उरल्या होत्या. या गोळ्या एकदम बंद करता येत नाहीत. नुसता ताठरपणा वाढत नाही, ताप चढून जिवावर बेतू शकतं. ह्यांनी नऊ गोळ्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि त्यांच्याकडे आराखडा बघावा तसं बघत बसले. पाणी वेळेत ओसरलं. तेव्हापासून घरात महिन्याचा साठा जास्तीचा असतो. ह्यांनी त्याला 'पुराचा डबा' अशी चिठ्ठी लावली आहे, सुबक इंजिनिअरिंग अक्षरात.

आता मूळ गोष्ट, दाराची.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझे पाय थिजायला लागले. सपाट, मोकळ्या जमिनीवर मी चालत असायचे आणि दार आलं की दोन्ही पाय जमिनीला चिकटायचे. डोकं पुढे जायचं, धड पुढे जायचं, पाय मागे. ह्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर प्रेमाने हात धरून ओढलं. मी गुडघ्यांवर आपटले. फिजिओथेरपिस्ट मुलीने नंतर ह्यांना चांगलंच खडसावलं: काका, ओढायचं नाही, ढकलायचं नाही, घाई करायची नाही. मला म्हणाली, मावशी, पाय अडकले की लढू नका. थांबा. वजन या पायावरून त्या पायावर घ्या, डोला. मग समोर काहीतरी आडवं आहे असं समजा आणि ते ओलांडा.

आडवं काहीतरी. मी तिला म्हटलं, अगं, आमच्या वाड्यात प्रत्येक दाराला वीतभर उंच उंबरठा होता!

मधे आम्ही वाड्यावर गेलो होतो. तो आता दिरांकडे आहे, निम्मा पडीक. मी मुद्दाम माजघरापर्यंत चालत गेले. चार उंबरठे. एकदाही पाय अडला नाही. ज्या उंबरठ्यांना ठेचा लागून मी लग्नाच्या पहिल्या वर्षी नखं काळीनिळी करून घेतली, ते माझ्या पायांना जणू सांगत होते, आता उचल. आणि फ्लॅटमध्ये, जिथे मुलाने हौसेने सगळं सपाट, चकचकीत करून घेतलं, तिथे मी न्हाणीघराच्या दारात पुतळा. जिना मी नीट चढते, कारण प्रत्येक पायरी म्हणजे एक आडवी रेघ. पायांना आतून हुकूम मिळत नाही, पण डोळ्यांना बाहेर खूण दिसली की मेंदू दुसऱ्या वाटेने निरोप पोहोचवतो.

हाच चमत्कार कानांचाही. नवरात्रात आमच्या सोसायटीत शेरी गरबा असतो. मोठ्या मैदानांवरचा गरबा तरुणांचा. हा आमचा, मधे देवीचा फोटो आणि भोवती चपला. त्या वर्षी मी खुर्चीत बसून होते. ढोलावर हींच, म्हणजे गरब्याचा ठेका, सुरू झाली, बेननी हात पुढे केला, आणि मी उठले. तीन टाळ्यांचा साधा गरबा. एक टाळी, पाऊल, पाऊल, वळण. दोन फेऱ्या पुऱ्या घातल्या. सून मोबाइलवर व्हिडिओ काढत रडत होती. व्हिडिओत नाही ते पुढचं: गाणं संपलं आणि मी वर्तुळाच्या मधोमध थिजले. बायका पाणी प्यायला पांगल्या, मुलं माझ्या अंगावरून धावत होती, आणि खुर्ची दहा पावलांवर. तिथे मला रडू आलं. मग ह्यांनी लांबून, जागचे न हलता, टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एक-दोन-तीन. एक-दोन-तीन. ह्यांना ताल अजिबात नाही, तिसरी टाळी उशिरा पडते. त्या लंगड्या तालावर मी खुर्चीपर्यंत आले.

(नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 2010 मध्ये एका रुग्णाची हकिकत मांडली होती, त्याला चार पावलं धड टाकता येत नव्हती आणि सायकल मात्र झोकात चालवत होता. हे वाचून ह्यांनी गच्चीतली सायकल पुसून काढली. मी नाही म्हटलं. बडोद्याच्या रस्त्यांवर निरोगी माणसाचाही मेंदू दुसरी वाट शोधतो.)

तर दाराला रेघ हवी, असं ठरलं. ह्यांनी फूटपट्टी घेऊन माझं पाऊल मोजलं आणि न्हाणीघराच्या वाटेवर 18 इंचांवर पिवळी इन्सुलेशन टेप चिकटवली. उपयोग झाला, लगेच झाला. पण घर विमानतळासारखं दिसायला लागलं. मी म्हटलं, मुख्य दारात तरी ही टेप नको, तिथे मी रांगोळीची रेघ घालते. घातली. दुसऱ्याच दिवशी टाइल्सवरच्या त्या भुकटीवरून माझी टाच सरकली. भिंत जवळ होती म्हणून वाचले. चकचकीत फरशीवर रांगोळी म्हणजे बर्फच. सून म्हणाली, आई, रांगोळीचं तयार स्टिकर मिळतं, पुसलं जात नाही. आयुष्यभर मी त्या स्टिकरवाल्या घरांबद्दल काय काय बोलले आहे, ते तिला पाठ आहे. तरी ती गंभीर चेहऱ्याने हे म्हणाली. माझा चेहरा आखडलेला असतो, तिचं काय निमित्त होतं कोण जाणे.

मी पांढरा ऑइल पेंट मागवला.

चार दिवस लागले. रोज सव्वाअकरा ते साडेबारा, लाइट असताना. खाली बसले तर उठायला क्रेन लागेल म्हणून ह्यांनी वीतभर उंचीचं स्टूल आणलं. दाराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक रेघ, बोटभर जाड, आणि तिच्यापुढे बाहेरच्या बाजूला ठिपके. ठिपके फार बरे असतात. मुक्तहस्त रेघ माझ्या हातून आता बारीक होत जाते, पण ठिपका दिसला की हाताला कुठे जायचं ते कळतं. पाच ते पाच, मग सात ते सात, असं मांडत गेले. ब्रश धरलेला असताना हात थरथरत नव्हता. मधेच विसावा घ्यायला तो गुडघ्यावर ठेवला की अंगठा आपली अदृश्य रांगोळी सुरू करायचा. मग मी त्याला परत कामाला लावायचे.

मुख्य रेघ डावीकडे जाड आहे आणि उजवीकडे जाता जाता सुतासारखी झाली आहे. ह्यांनी चष्मा लावून पाहिली. हात नकळत खिशातल्या पट्टीकडे गेला.

"शेवटचा फूटभर जरा जाड करून देऊ का?"

"राहू द्या."

"अगं, ऑफसेट आहे तीन मिलिमीटरचा."

"असू दे म्हटलं ना." माझा आवाज आता बारीक झालाय आणि ह्यांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे हे मला दोनदा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा ओरडून. फिजिओवाली मुलगी रोज ओरडायचा सराव करा म्हणते, तो असा होतो.

रंग वाळून आता वर्ष झालं. मी रोज ती रेघ ओलांडून कमाटीबागेत फिरायला जाते. दारात थांबते, एकदा डोलते, रेघेकडे बघते आणि पाय उचलते. गंमत म्हणजे बाकीचेही थबकतात. कामवाली बाई थबकते, नातू शाळेची बॅग घेऊन उडी मारून जातो, बेन चप्पल अलीकडेच काढतात. मी कोणालाच काही सांगितलेलं नाही.

परवा गॅसवाला आला. खांद्यावर भरलेलं सिलिंडर. दारात आला आणि खाली बघून थांबला.

"बेन, रंग भीनो छे?"

"ना रे भाई, क्यारनो सुकाई गयो."

त्याने मान डोलावली, सिलिंडर नीट तोललं, आणि तरीही पाय चांगला गुडघ्याइतका वर उचलून रेघेपलीकडे टाकला.